आठ बसतात, नववा धावतो

प्रा. अरविंद खांबेटे यांची आणि माझी पहिली भेट एका गैरसमजातून झाली, आणि त्या गैरसमजासाठी मी टाय बांधला होता.

सिंगापूरला येऊन मला जेमतेम चार महिने झाले होते. पुण्यातल्या वर्तमानपत्रात बरीच वर्षे काढून मी इथे एका सॉफ्टवेअर कंपनीत माहितीपुस्तिका लिहायला आलो होतो. ओळखीच्या एकाने एक मेल पुढे पाठवली : ‘शनिवारी सकाळी नऊ वाजता, बुकित बातोक, आंतर-कॉलेज कॉन्फरन्स. अवश्य यावे. – अ. ना. खांबेटे.’ नव्या देशात माणसे जोडावीत या हेतूने मी इस्त्रीचा शर्ट, टाय, खिशात कार्डे आणि हातात कोरी वही असा सेरंगूनहून निघालो. हॉलचे दार उघडले तर आठ मुली एका ओळीत उकिडव्या बसलेल्या. नववी जीव तोडून कुणाचा तरी पाठलाग करत होती, आणि पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ तोंडातली शिट्टी न काढताच ओरडत होते, “आवाज! खो ऐकूच आला नाही! आता खांबापर्यंत जा, मागे फिरू नकोस!”

मी दारातूनच विचारले, “कॉन्फरन्स…?”

“हीच. उशीर झाला तुम्हाला,” ते म्हणाले. “लिहिता येतं ना? मग बसा, गुण लिहा.”

मी बसलो. त्याला आता पंधरा वर्षे झाली. टाय त्याच सकाळी एका मुलीचा मुरगळलेला घोटा बांधायला लागला. तो मला अजून परत मिळालेला नाही.

कॉन्फरन्स हे नाव कसे पडले, ते सरांच्या स्वभावावर प्रकाश टाकणारे आहे. सर पस्तिशीत पुण्याहून इथल्या एका पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकवायला आले. सामानात दोन खांब तेवढे नव्हते. बाकी अख्खा खो-खो त्यांच्याबरोबर होता. पहिल्याच वर्षी त्यांनी मुले जमवली आणि हॉल नोंदवायला कार्यालयात गेले. फॉर्मवर खेळांची यादी होती. बॅडमिंटन होते, नेटबॉल होते, फ्लोअरबॉलसुद्धा होते. खो-खो नव्हता, आणि ‘इतर’ असा रकानाही नव्हता. खोटे लिहायचे नाही, हा सरांचा बाणा. ते फॉर्म हातात धरून अर्धा तास उभे राहिले. शेवटी टेबलामागच्या मिसेस लिमनी चष्म्यावरून पाहत विचारले, तुमच्या खेळात माणसे नक्की करतात काय?

“आठ जण ओळीत बसतात,” सर म्हणाले. “नववा धावतो.”

“सिट इन रो? देन पुट कॉन्फरन्स लाह,” मिसेस लिम म्हणाल्या. “कॉन्फरन्स ऑल्सो पीपल सिट इन रो. वन फेलो रन हियर रन देअर, नॉट माय प्रॉब्लेम.”

सरांनी दोन मिनिटे विचार केला. यात असत्य काही नाही, अशी खात्री पटल्यावरच सही केली.

पुढे कॉलेजे चार झाली. साखळीला नाव हवे, असे ठरले. सुचवले ते सरांच्या पत्नी सुमतीवहिनींनी. त्या काही नाव सुचवत नव्हत्या, पोहे देताना एवढेच म्हणाल्या होत्या की, “घरात मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसणारी मुलं चारचौघांत खेळायला लागली, हेच पुष्कळ झालं.” सरांनी तिथल्या तिथे घोषित केले : चारचौघं कॉन्फरन्स.

या चारांतली तीन मोठी कॉलेजे होती. चौथी संस्था बेडोकची. तिथे शिकणारे दिवसा नोकरी करतात आणि संध्याकाळी वर्गाला बसतात. संघात कुणी दंतवैद्याकडे मदतनीस, कुणी विमानतळावर सामान तपासायला. तेव्हाची कर्णधार मृणाल कांबळे, दंतवैद्याकडची मदतनीस तीच. नागपूरकडून आलेल्या अभियंत्याची मुलगी. वडिलांचे मराठी स्वच्छ, हिचे मराठी मात्र इथल्या हॉकर सेंटरमधल्या थाळीसारखे, एकाच ताटात सगळे. तोवर बेडोकने कधी सामना जिंकला नव्हता, आणि कधी चुकवलाही नव्हता. ज्या संघाचा त्या दिवशी सामना नसेल त्याने खांब रोवायचे आणि पाट्या आखायच्या, असा सरांचा नियम आहे. पाळीच्या त्या तक्त्यात बेडोकच्या नावापुढे आजवर एकही गैरहजेरी नाही.

सरांच्या मायेबद्दल अनेकांनी या गौरवग्रंथात लिहिले असेल. माझा अनुभव थोडक्यात सांगतो. मध्यंतरी माझी नोकरी गेली. इथे नोकरी जाणे म्हणजे देशात राहण्याचा पासही जाणे. दुसरी मिळवायला हातात दिवस मोजकेच असतात. मी कुणाला सांगितले नव्हते. पत्नीने वहिनींना सांगितले असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांचा फोन आला. सहानुभूतीचा एक शब्द नाही. “कॉन्फरन्सचं पाक्षिक पत्रक काढायचं आहे. पहिला मजकूर आज पाच वाजेपर्यंत.” मी पाचला दिला. सव्वापाचला फोन : “दुसऱ्या परिच्छेदात क्रियापद सापडलं नाही. उद्या पाच.” असे रोज. पत्रक पाक्षिक होते आणि मजकूर दैनिकाचा चालला होता. रिकाम्या माणसाला दिवसाच्या मध्यभागी एक खुंटी लागते, हे त्यांना ठाऊक होते. नोकरी मिळाल्याचे मी कळवले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “उत्तम. मग आता मजकूर सहापर्यंत चालेल.”

त्याच पत्रकाने पुढचा घोटाळा केला, आणि तो माझ्याच हातून झाला. पत्रकाची इंग्रजी आवृत्ती काढताना ‘चारचौघं’चे भाषांतर मी घाईत ‘फोर अँड फोर’ असे केले. पाच वाजत आले होते.

ती आवृत्ती डेस्मंड नावाच्या तरुणाच्या हाती लागली. तो एका क्रीडावाहिनीसाठी नवे कार्यक्रम शोधत असे. त्याचे शिक्षण अमेरिकेत झालेले. तिथे कॉलेजांच्या साखळीला कॉन्फरन्सच म्हणतात; टीव्हीच्या पैशासाठी त्या कॉन्फरन्स वाढत जातात, पूर्व किनाऱ्याच्या गटात पश्चिम किनाऱ्याची कॉलेजे येतात, आणि नावातला आकडा आणि संघांची संख्या यांचा संबंध उरत नाही. हे त्यानेच आम्हाला मोठ्या कौतुकाने सांगितले. बुकित बातोकमध्ये एक जुनी, नावाजलेली कॉन्फरन्स आहे आणि ती कुणी विकत घेतलेली नाही, या शोधाने तो हर्षभरित झाला होता.

“सर, तुमची कॉन्फरन्स वाढवू या,” तो म्हणाला. संभाषण इंग्रजीत चालले होते. मी मराठीत देतो, कारण सरांचे इंग्रजीही मुळात मराठीच असते. “प्रक्षेपणाचे हक्क आम्हाला द्या. त्या पैशातून तुम्हाला हॉलभर मॅट येतील.”

मॅट हा शब्द उच्चारला आणि सरांची नजर जमिनीकडे गेली. हॉलची जमीन कठीण. सूर मारला की गुडघे आणि कोपरे सोलून निघत. ‘पुढील वर्षी मॅट’ हे वाक्य सरांच्या वार्षिक अहवालात इतकी वर्षे होते की मी ते टंकलिखित न करता जुन्या अहवालातून उचलत असे. मृणालचे दोन्ही गुडघे पाहून दंतवैद्याकडच्या रुग्णांनी तिला विचारले होते, घरी सगळे ठीक आहे ना?

डेस्मंडची अट एकच होती : संघ आठ. नावातच चार आणि चार असल्याने वाहिनीच्या चित्रकारांनी दोन चौकड्या गरगर फिरून एकमेकींना भिडतात असे चलच्चित्रही तयार करून टाकले होते. मग कॉलेजे जमली. एक मोठे विद्यापीठ आले. परिचारिकांचे कॉलेज आले. पाककलेची संस्था आली. त्यांचा अल्पोपाहार अप्रतिम, पण एकदा बसलेला खेळाडू उठायला राजी नसे. संगीत महाविद्यालय आले. त्यांचे खेळाडू खो सुरात देत, आणि तालात बसला नाही तर पुन्हा देत. आणि पुलापलीकडून, मलेशियातल्या जोहोरहून, एक कॉलेज आले. त्यांना प्रत्येक सामन्याला पासपोर्ट लागे.

ही पाच झाली. जुनी चार. बेरीज नऊ.

डेस्मंडने यादीवर पेन्सिल टेकवली. बेडोकवर. “प्रेक्षक नाहीत, विजय नाहीत, माजी विद्यार्थी संघटना नाही. हे गेले की आठ.” चाचणीचे प्रक्षेपण झाल्यावर करारावर सही व्हायची होती. तोवर बेडोकला सांगायचे काम सरांचे.

सर बेडोकला गेले. हॉकर सेंटरमध्ये अख्खा संघ जमला होता. सरांनी सगळ्यांना चेंडोल मागवले, नारळाच्या दुधातला बर्फाचा गोड पदार्थ. मग आणखी एकदा मागवले. मग घरी आले.

“सांगितलंत?” वहिनींनी विचारले.

“बर्फ वितळत होता,” सर म्हणाले. “विषय निघाला नाही.”

विषय निघायची गरजच नव्हती. दुसऱ्या दिवशी मृणालचा मला फोन आला. “काका, सरांनी तीन वेळा विचारलं, कशी आहेस. आणि दुसरं चेंडोल. सो वुई आर आउट, करेक्ट?”

मला खोटे बोलवेना. मी म्हटले, अजून सही झालेली नाही.

“मॅट येणार ना पण?”

“येणार.”

“मग ठीक आहे लाह,” ती म्हणाली. तिचा आवाज एरवी सगळ्या हॉलभर जातो. हे वाक्य मला कसेबसे ऐकू आले.

चाचणीआधी वाहिनीबरोबर आणखी एक चकमक झडली. खो-खोत पाठलाग करणारे आठ जण आळीपाळीने उलटसुलट तोंडे करून बसतात, हे वाचकांना ठाऊक आहे. वाहिनीच्या दिग्दर्शकाला ठाऊक नव्हते. त्याने सांगितले, आठही जणांनी कॅमेऱ्याकडे तोंड करावे. जाहिरात छातीवर आहे.

“अर्ध्यांनी पाठ करायचीच,” सर म्हणाले. “सगळे एकीकडे तोंड करून बसले, तर त्याला ग्रुप फोटो म्हणतात.”

“पण सर, प्रायोजक पाठीचे पैसे देत नाहीत.”

“मग पाठीचे पैसे देणारा प्रायोजक शोधा.”

डेस्मंडने आठवड्याभरात शोधला. पाठदुखीवर लावायच्या औषधी पट्ट्यांची कंपनी होती. खेळाडूंनी पाठच करावी, असा आता त्यांचाच आग्रह होता. सरांनी त्यांनाही निम्म्यावरच आणले.

चाचणीचा शनिवार उजाडला. जोहोर विरुद्ध विद्यापीठ. तीन कॅमेरे, एक समालोचक, आणि कधी नव्हे ते हॉलमध्ये झाडलोट केलेली. आठच्या सुमारास पिवळ्या, विटलेल्या शर्टांतला बेडोकचा संघ आत आला आणि मुकाट्याने खांब रोवू लागला.

“तुम्ही कशाला आलात?” सरांनी विचारले. त्यांचा आवाज जरा कठोर झाला होता; लाज वाटली की त्यांचा तसा होतो.

“तक्त्यात आमची पाळी आहे, सर,” मृणाल म्हणाली. “आउट तर आउट. पाळी तर आमचीच ना?”

सरांनी पाटी आखायची दोरी तिच्या हातून घेतली आणि दुसरे टोक स्वतः धरले.

साडेनऊला जोहोरच्या प्रशिक्षकाचा संदेश आला : पुलावर आहोत. दहाला आला : अजून पुलावर आहोत. सव्वादहाला छायाचित्र आले. त्यात बस होती, पुढे बस होती, आणि त्यापुढेही बस होती. डेस्मंड घामाघूम झाला. वाहिनीचे वरिष्ठ आपल्या कार्यालयात पडद्यासमोर बसून होते. त्याने हॉलभर नजर फिरवली आणि ती पिवळ्या शर्टांवर थांबली.

“हे खेळतात?”

“हे कधी चुकवत नाहीत,” सर म्हणाले.

बेडोकच्या शर्टांवर जाहिरात नव्हती. प्रायोजकाच्या माणसाने पिशवीतून नमुन्याच्या पट्ट्या काढल्या आणि प्रत्येकीच्या पाठीवर, शर्टावरून, खऱ्याखुऱ्या दोन-दोन पट्ट्या चिकटवल्या. खो देताना पाठीवर हात पडतो. पहिल्या पाच मिनिटांत निम्म्या पट्ट्या पाठींवरून तळव्यांवर गेल्या, तळव्यांवरून विद्यापीठाच्या धावपटूंच्या खांद्यांवर. बाद कोण झाले हे पंचांना पट्टी पाहून कळू लागले. हॉलमध्ये निलगिरीचा वास दाटला. समालोचकाला वाटले, ही प्रथाच आहे. त्याने तिचा उगम प्राचीन असल्याचे सांगून टाकले.

मृणालचा पहिला खो पडला तेव्हा ध्वनियंत्रावरच्या माणसाने कानांवरचे यंत्र काढून ठेवले. दुसऱ्याला त्याने अंगठा वर केला. विद्यापीठाच्या मुली मात्र ‘गो’ म्हणत होत्या. सरांनी शिट्टी फुंकली.

“सर, गो म्हणजे जा. सेम थिंग वॉट,” त्यांची कर्णधार म्हणाली.

“गो म्हणजे नुसतं जा,” सर म्हणाले. “खो म्हणजे मी तुझ्या जागी बसते, आता तू जा. नुसतं जा कुणीही म्हणतं.”

बेडोक नेहमीप्रमाणे हरले. पण नेहमीपेक्षा कमी गुणांनी. आणि शेवटच्या मिनिटाला मृणालने मारलेला सूर तिन्ही कॅमेऱ्यांत सापडला. सामना संपला तशी डेस्मंडने धावत येऊन यादी उघडली.

“सर, बेडोक ठेवू! वरिष्ठ खूश आहेत. जोहोर काढून टाकू. उशिरा येणारा संघ टीव्हीवर चालत नाही. झाले आठ!”

मी मृणालकडे पाहिले. तिच्या गुडघ्यातून रक्त येत होते, हाताला दोन पट्ट्या चिकटल्या होत्या, आणि तिला हवे होते ते समोर वाढून ठेवलेले होते.

“ते पुलावर आहेत,” ती हळूच म्हणाली. “सर, नॉट फेअर लाह.”

सरांनी मिशीवरून हात फिरवला. “डेस्मंड, आठ हे कुणी सांगितलं तुम्हाला?”

“तुमच्या नावानंच. फोर अँड फोर.”

सर सावकाश माझ्याकडे वळले. पंधरा वर्षांत मी त्यांना इतके शांत कधी पाहिले नाही. “हे तुमचं?”

“पाच वाजत आले होते, सर,” मी म्हणालो.

“डेस्मंड,” सर म्हणाले, “चारचौघं म्हणजे चार नव्हे आणि आठही नव्हे. चारचौघं म्हणजे ज्यांच्यादेखत आपण नीट वागतो ते सगळे लोक. तिथं मोजदाद नसते. आणि तिथं बसलेल्या माणसाला उठवून बाहेर काढत नाहीत.”

“पण सर, आठांचं वेळापत्रक…”

“तुम्ही आत्ता सामना पाहिलात. ओळीत किती बसले होते?”

डेस्मंडने मोजले. “आठ.”

“आणि खेळ कशामुळे दिसला?”

तो म्हणाला, “नववी धावत होती म्हणून.”

“मग नऊ लिहा. दर आठवड्याला एक संघ मोकळा राहील, तो खांब रोवेल. एरवी ते काम तुमच्या माणसांना करावं लागेल, आणि त्यांना दोरी धरता येत नाही, हे मी सकाळी पाहिलंय.” मग ते म्हणाले, “नाहीतर मॅट पुढच्या वर्षी घेऊ. मला सवय आहे.”

डेस्मंड फोन घेऊन कोपऱ्यात गेला. आम्ही सगळे त्याच्या पाठीकडे पाहत उभे. मृणालने तोवर एक खांब उपटून काढला होता; सामना संपल्यावर काढायची पाळीही त्यांचीच होती. डेस्मंड परत आला आणि इथल्या बोलीत एकच शब्द म्हणाला, “कॅन.” म्हणजे जमेल.

त्याच वेळी दार उघडून जोहोरचा संघ आत आला. अकराही जणींच्या हातात पासपोर्ट होते. मृणालने उपटलेला खांब पुन्हा रोवला.

टीव्हीवर आम्ही एकच हंगाम दिसलो, तोही मासेमारीच्या कार्यक्रमानंतर. पुढे वाहिनीला दुसरा कुठला तरी खेळ सापडला, आणि डेस्मंडची बदली झाली. तो अजून शनिवारी येतो. त्याला आता दोरी धरता येते. मॅट आले, ते आजही आहेत. संघ नऊचे अकरा झाले, नाव चारचौघंच आहे. बेडोकने गेल्या हंगामात पहिला सामना जिंकला, पाककलेच्या संस्थेविरुद्ध. मृणाल आता त्यांची प्रशिक्षक आहे. त्या दिवशी तिला शब्द सुचेनात, म्हणून तिने सरांना चेंडोल दिले. दोन.

या गौरवसमारंभासाठी हॉल नोंदवायला मी गेलो होतो. मिसेस लिम निवृत्त झाल्या आहेत. फॉर्मवर आता खो-खो आहे. गौरवसमारंभ नाही, आणि ‘इतर’ अजूनही नाही. मी खो-खोवर खूण केली. सरांच्या बाण्याला बाधा येऊ नये म्हणून त्या दिवशी पाहुण्यांना उलटसुलट तोंडे करून बसावे लागेल, याची नोंद घ्यावी. खांब रोवायची पाळी बेडोकची आहे.

खो-खोत एकदा दिशा घेतली की खांब येईपर्यंत मागे फिरता येत नाही, हे सरांनी मला पहिल्या सकाळीच ओरडून शिकवले. आडनावातच खांब असलेल्या या माणसाने आपली दिशा केव्हाच घेतली आहे, आणि समोर शंभरीचा खांब स्वच्छ दिसतो आहे. वाटेत गुडघे कुरकुरले तर खाली मॅट आहेत. पाठ कुरकुरली तर पट्ट्यांची दोन खोकी अजून उरली आहेत, आणि वहिनी आहेतच. सरांनी उत्तम प्रकृतीने तो खांब गाठावा, त्याला वळसा घालावा आणि आमच्या बाजूने परत यावे. आम्ही ओळीत बसलेलेच आहोत.

(मजकूर वेळेत दिला आहे. सरांनी क्रियापदे तपासून घ्यावीत.)